दिवाळी-नाताळच्या सुट्टीत खानदेशात मुलांना दाखवण्यासारखे काय असते?

ताई, आपण विचारले आहे की, पुण्यात वाढलेली आपली दोन मुले दिवाळीत आणि नाताळात जळगावला आजोळी येतात, चौथ्या दिवशी कंटाळतात, तर या दिवसांत आमच्या भागात लोकांसाठी काही कार्यक्रम, काही करमणूक असते की नाही. मी जुन्या जळगावात लहानाचा मोठा झालो आणि आजही इथेच राहतो, म्हणून खात्रीने सांगतो की भरपूर असते. अडचण एवढीच आहे की आमच्याकडचे सारे तिथीवर चालते आणि मुलांची सुट्टी तारखेवर लागते. घोडेबाजारासाठी प्रसिद्ध असलेली सारंगखेड्याची यात्रा ज्या दत्तजयंतीला भरते, ती २०२३ साली २६ डिसेंबरला, म्हणजे ऐन नाताळात आली होती. २०२४ साली ती १४ डिसेंबरला आली आणि २०२५ साली तर ४ डिसेंबरला. अधिक मास आला की ती पुन्हा पुढे सरकते. त्यामुळे रेल्वेचे आरक्षण करण्याआधी घरातले पंचांग उघडून पाहावे, ही माझी पहिली विनंती.

दिवाळीत येणार असाल, तर भाऊबीज उरकली की लगेच परतू नका. जळगावचा श्रीराम रथोत्सव कार्तिकी एकादशीला असतो. संत अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केलेला हा उत्सव म्हणजे या शहराचा सर्वांत मोठा दिवस आहे, असे मी मानतो. पाडव्यापासूनच संध्याकाळी जुन्या गावातून वहने निघू लागतात. आज घोडा, उद्या हत्ती, परवा गरुड, अशी रोज वेगळ्या वाहनावर देवाची स्वारी येते आणि दारोदारी आरतीची ताटे तयार असतात. माझ्या मते लहान मुलांना आधी एक-दोन दिवस वहने दाखवावीत, कारण तेव्हा गर्दी बेताची असते आणि देव अगदी हाताच्या अंतरावरून जातो.

रथ मात्र गर्दीतच पाहायचा असतो. तो पाहताना मुलांचे लक्ष वरच्या मूर्तीकडे, झेंडूच्या माळांकडे आणि केळीच्या खांबांकडे जाईल. त्यांना थोडा वेळ खाली, चाकांकडे पाहायला सांगा. एवढा अवजड लाकडी रथ माणसे दोर धरून ओढतात, पण तो थांबवायचा आणि वळवायचा तो मोगरीवर. मोगरी म्हणजे चाकाखाली सारायची लाकडी पाचर. ज्या चाकाखाली मोगरी बसते ते चाक अडते, दुसरे पुढे सरकते आणि रथ वळतो. फिरत्या चाकाशेजारी वाकून चालणारी ती माणसे नेमक्या क्षणी मोगरी टाकतात आणि नेमक्या क्षणी काढून घेतात. मी आठ-नऊ वर्षांचा असताना वडिलांनी मला एका ओट्यावर उभे केले होते. रथ वळणावर आला, मोगरी बसल्याचा करकर आवाज झाला, चाक जागच्या जागी थरथरले आणि आमच्या ओट्यापासून वीतभर अंतर राखून रथ दुसऱ्या गल्लीत शिरला. तो आवाज मला आजही ओळखता येईल. पुढे भिलपुऱ्यात रथ थांबतो आणि मुस्लीम संत लालशा बाबांच्या समाधीवर फुलांची चादर चढवली जाते. अप्पा महाराज आणि लालशा बाबा यांच्या स्नेहाची ही आठवण आहे, आणि मुलांना रथ दाखवताना हा थांबा चुकवू नये असे मला मनापासून वाटते.

याच कार्तिकात शेंदुर्णीलाही त्रिविक्रमाची यात्रा भरते आणि तिथेही रथ निघतो. जळगावची गर्दी नको असेल, तर तिकडे जावे.

आता सारंगखेडा. हे गाव नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठी आहे; रेल्वेने यायचे असल्यास भुसावळ-सुरत मार्गावरील दोंडाईचा स्थानकावर उतरून पुढे रस्त्याने जाता येते. तेथील देव एकमुखी दत्त आहे आणि यात्रेची ख्याती घोड्यांच्या बाजारामुळे आहे. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश अशा लांबच्या मुलखांतून व्यापारी येतात. मारवाडी आणि काठेवाडी घोडा मुलांना लगेच ओळखू येतो, कारण त्याच्या कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडू पाहतात. गिऱ्हाईक आधी घोड्याचा जबडा उघडून दातांवरून वय ताडते, मग अंगावरचे केसांचे भोवरे पाहते आणि शेवटी रेवाळ चाल चालवून घेते. स्वाराच्या हातातले पाणी हिंदकळू नये इतकी ती चाल सपाट असावी लागते. अलीकडे येथे चेतक महोत्सवही होऊ लागला आहे आणि त्यातील घोड्यांच्या स्पर्धा पाहण्यासारख्या असतात. तरी मंडपातल्या खुर्चीवर बसून राहण्यापेक्षा, मोकळ्या रानात खुंट्याला बांधलेल्या घोड्यांमधून सकाळी दोन तास फिरणे मुलांना अधिक देऊन जाते.

ऐन पौर्णिमेच्या दिवशी मात्र लहान मुलांना नेऊ नका. एका वर्षी आम्ही दुपारी निघण्याची चूक केली आणि पुलाच्या अलीकडेच वाहनांच्या रांगेत दिवस मावळला. मुले भुकेने रडकुंडीला आली होती. बाजार दत्तजयंतीच्या आधीपासून भरू लागतो आणि नंतरही चालतो, तेव्हा एखादा आडवार निवडावा. पाळणे, जिलेबी आणि गोडी शेव या गोष्टी आडवारीही असतातच. फड उतरला असेल, तर थोरल्या मुलाला संध्याकाळी तमाशाही जरूर दाखवा. गण, गवळण आणि वग हा क्रम त्याला आधी समजावून सांगितला, तर तो रमेल.

थंडीतली आमची आणखी एक करमणूक म्हणजे भरीत पार्टी, आणि तिला तिथी लागत नाही. आपल्या माहेरी शेत असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर कोणी ना कोणी परिचित बोलावतोच. वाळलेल्या कपाशीच्या काड्या पेटवून त्यांवर हिरवी, लांबट वांगी भाजायची, साल सोलून ती लाकडी बडगीत हिरव्या मिरचीसह ठेचायची आणि वर कांद्याची पात, शेंगदाणे व सढळ तेलाची फोडणी द्यायची. वांगी ठेचण्याचे काम मुलांकडे सोपवा. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी किंवा पुरी हवी. बाजारातली पोळी तिथे चालत नाही.

संगीताची आवड असेल, तर जानेवारीच्या सुरुवातीला जळगावात बालगंधर्व संगीत महोत्सव होतो. नाताळची सुट्टी दोन दिवसांनी लांबवता आली, तर एक संध्याकाळ त्यासाठी राखून ठेवावी. सातपुड्यातील अस्तंभ्याची यात्रा धनत्रयोदशीला सुरू होते आणि अश्वत्थाम्याच्या दर्शनासाठी आदिवासी तरुण तो अवघड डोंगर चढून जातात. आपल्या मुलांसाठी ती चढण आज योग्य नाही, थोरला सोळा-सतरा वर्षांचा झाला की वाटाड्या सोबत घेऊन त्याला पाठवावे.

तूर्त आपल्याकडे एकच सुट्टी असेल, तर मी दिवाळीची निवडेन. एकादशीच्या दिवशी सकाळीच जुन्या गावातल्या एखाद्या ओळखीच्या घराचा ओटा किंवा गच्ची गाठा, मुलांसाठी पाणी आणि फराळाचा डबा जवळ ठेवा आणि रथ केव्हा येईल हे कोणाला विचारू नका, कारण तो रात्री उशिरापर्यंत फिरत असतो आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी येण्याआधी ढोल-ताशा ऐकू येतोच.