काड्या मोजल्या, पुढे काय?

गणित आणि इतिहास ‘करून’ कसे शिकवायचे, याबद्दल शिक्षक-पालकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत. पहिला प्रश्न जवळजवळ प्रत्येक शाळेतला आहे, म्हणून त्याला जागा जास्त दिली आहे.

तिसरीची मुलं काड्यांचे गठ्ठे घेऊन वजाबाकी अचूक करतात. वहीत मात्र ५२ − २७ चं उत्तर ३५ लिहितात. काड्यांवर घालवलेले दिवस फुकट गेले का? (शिक्षिका, द्विशिक्षकी जि. प. शाळा)

फुकट नाही गेले, पण काम अर्ध्यावर राहिलंय. ३५ आलं कुठून ते बघा. पाचातून दोन गेले, तीन उरले. दोनातून सात जात नाहीत, मग मुलाने सातातूनच दोन काढले. काड्या हातात असताना हेच मूल असं कधी करणार नाही, कारण दोनच सुट्या काड्या असताना सात देणार कुठून? थोडक्यात, त्याच्या लेखी काड्यांचं गणित निराळं आणि वहीतलं निराळं.

दोघांची जोडी लावा. एकाकडे काड्या, दुसऱ्याकडे पाटी. काड्यावाल्याने एकच कृती करायची आणि थांबायचं, पाटीवाल्याने तेवढंच लिहायचं. त्याने रबर काढून एक गठ्ठा सुटा केला, की याने ५ वर काट मारून ४ लिहायचे आणि २ च्या जागी १२. बारातून सात काड्या बाजूला गेल्या, की एककाखाली ५. मग दोन गठ्ठे बाजूला, दशकाखाली २. लिहिण्याआधी पुढची काडी हलवायची नाही, हा एकच नियम. दुसऱ्या गणिताला अदलाबदल. हे सरावाचं झालं की काड्या ठेवून द्या. गठ्ठ्याला उभी रेघ आणि सुट्याला टिंब काढून तीच वजाबाकी करू द्या, मग नुसते अंक. मध्येच कोणी अडलं, तर काड्या पुन्हा द्या. त्यात कसला आलाय कमीपणा!

गठ्ठे मात्र मुलांनीच बांधलेले हवेत. विकतच्या संचात दशकाची अखंड दांडी असते. दिसायला देखणी, पण सोडता येत नाही. ती देऊन दहा सुटे बदलून घ्यावे लागतात. ती पुढची पायरी आहे. आधी रबर लावण्याचा आणि काढण्याचा अनुभव बोटांना हवा. खरी परीक्षा ४०३ − १५८ सारख्या उदाहरणात होते. दशकाच्या घरात शून्य, मग सुटं काय करणार? शतकाची जुडी सोडली की दहा गठ्ठे हाती येतात, त्यातला एक सुटा केला की नऊ उरतात. ‘शून्यावर ९ का लिहायचे?’ हे मग सांगावं लागत नाही.

मुलगी दुसरीत आहे. शाळेत बिया, मणी, खोट्या नोटा असंच काहीबाही चालतं. वही निम्मी कोरी आहे. काळजी करावी का? (पालक, नाशिक)

वहीकडे बघून अंदाज बांधू नका, मुलीला विचारा. वाटीभर चिंचोके द्या आणि सांगा, ‘हे ३४ आहेत का ते मला पटकन कळेल असे मांड.’ तिने दहा-दहाचे ढीग केले तर शाळेत शिकणं चाललंय. एकेक करत ३४ पर्यंत मोजत गेली, तर शिक्षकांना भेटा. कोऱ्या वहीची तक्रार तेव्हाही नको, ढिगांची करा.

चौथीत इतिहासाच्या सनावळ्या पाठ होतात, पण मुलांना काळच कळत नाही. एकाने विचारलं, ‘महाराजांनी इंग्रजांना तेव्हाच हाकलून का नाही दिलं?’ (शिक्षक, सातारा जिल्हा)

फार चांगला प्रश्न विचारलाय त्याने. तो ‘चूक’ म्हणून खोडू नका. त्याच्या डोक्यात ‘पूर्वी’ नावाची एकच खोली आहे आणि सगळे तिथेच राहतात.

सुतळी घ्या, एका वर्षाला एक सेंटीमीटर. सुरुवात मुलांपासून करायची: स्वतःचा जन्म, मग आईचा, आजीचा. मूल साधारण दहा सेंटीमीटरवर, आजी अर्ध्या मीटरच्या पुढे. एवढ्यानेच वर्गात गलका होतो. मग १९६० ला महाराष्ट्र राज्याची चिठ्ठी, १९४७ ला स्वातंत्र्याची, १८४८ ला पुण्यात फुले दांपत्याने काढलेल्या मुलींच्या शाळेची. राज्याभिषेक १६७४ चा. १९६० पासून तिथपर्यंत २८६ सेंटीमीटर, म्हणजे २ मीटर ८६ सेंटीमीटर. शिवजन्म १६३० चा, तो आणखी ४४ सेंटीमीटर पलीकडे. वजाबाकी आणि मोजपट्टी दोन्ही मुलांकडेच द्या. अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी इसवी सनापूर्वीची. ती लावायला वीस मीटरहून जास्त सुतळी लागते, दारातून बाहेर पार मैदानात जावं लागतं. जाऊ द्या की!

त्या मुलाचं उत्तरही याच सुतळीवर आहे. महाराजांच्या काळात इंग्रज इथे होते, पण सुरत, राजापूर अशा ठिकाणी वखारी थाटून बसलेले व्यापारी म्हणून. पेशवाई त्यांनी बुडवली १८१८ मध्ये. दोन्ही जागी चिठ्ठ्या लावून मधलं अंतर त्यालाच मोजू द्या.

दिवाळीचा किल्ला शाळेचा उपक्रम म्हणून देतो, पण बहुतेक किल्ले पालकांचे असतात. यात इतिहास किती? (मुख्याध्यापक)

घरून करून आणलेल्या किल्ल्यात फारसा नाही. सुट्टीनंतर शाळेच्या आवारात, माती-दगडांचा, गटाने करा आणि एकच गोष्ट विचारा: दरवाजा कुठे ठेवणार? पहिल्या खेपेला तो हमखास समोर, भला मोठा आणि थेट रस्त्याचा असतो. मग एकाला शत्रू करा. त्याने पायथ्याशी जमिनीला गाल टेकून दरवाजा दिसतो का ते सांगायचं. दिसला, तर बांधकाम बदला. दोन-तीन फेऱ्यांत बुरूज पुढे येतो, वाट वळते, दरवाजा आड जातो. आता रायगडाच्या महादरवाजाचा फोटो दाखवा. दोन बुरुजांच्या कुशीत लपलेला तो दरवाजा बघून मुलं ‘आपल्यासारखाच!’ म्हणतात. नंतर वरून लोटाभर पाणी ओता आणि टाकं कुठे खोदायचं ते ठरवू द्या. मावळ्याला दरवाजातून आत जाता येतं का, हेही तपासा. बाजारातले मावळे बहुधा तटापेक्षा उंच असतात.

मी निवृत्त कारकून. नातवाच्या शाळेत जाऊन पावकी-निमकी (पाव आणि अर्ध्याचे पाढे) पाठ करून घेऊ का? (आजोबा, कोल्हापूर)

जा जरूर, पण पाठांतराआधी आणे घेऊन जा. घरात जुनी नाणी नसतील तर पुठ्ठ्याची करा. रुपयाचे सोळा आणे, निम्मे आठ, त्याचे निम्मे चार, मग दोन, मग एक. चारदा निम्मं केलं तरी नाणं मोडावं लागत नाही. मग शंभर पैशांचं करायला सांगा: पन्नास, पंचवीस, आणि पुढे मुलं अडतात. पाव, अर्धा, पाऊण तोंडात बसायला आणे फार सोयीचे होते.

त्यानंतर दुकान मांडा. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तरी जुनी नाणी काही काळ चालत होती. चार आण्यांचे बरोबर २५ नवे पैसे, पण एका आण्याचे सव्वासहा! दुकानदाराने सहा धरायचे की सात? मुलांना भांडू द्या. तेव्हाची मोठी माणसंही भांडली असतील. तुम्हाला त्या दिवसांतलं काही आठवत असेल तर ते सांगा. तेवढं पाठ्यपुस्तकात मिळत नाही. पावकी दुसऱ्या भेटीत घ्या.