अवकाश अभियंत्याचे स्थळ

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्याला राहतो. आमची मुलगी ऐरोलीतील एका संगणक कंपनीत नोकरी करते. तिच्यासाठी तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रात काम करणाऱ्या एका मराठी अभियंत्याचे स्थळ आले असून मुलांनी एकमेकांना पसंतही केले आहे. मात्र ही माणसे घरात असून नसल्यासारखीच असतात, असे नातेवाईक सांगतात. त्याला मुंबईकडे बदली मिळेल का आणि या नोकरीत संसाराला वेळ देता येतो का? आपण याच क्षेत्रातून निवृत्त झाला आहात, म्हणून विचारतो.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बदलीची आशा धरू नये. प्रक्षेपकांचे, म्हणजे उपग्रह अवकाशात नेणाऱ्या रॉकेटांचे काम तिरुवनंतपुरम, महेंद्रगिरी आणि श्रीहरिकोटा येथे, तर उपग्रहांचे मुख्यतः बेंगळुरू आणि अहमदाबाद येथे चालते. प्रक्षेपकांना लागणारी ‘विकास’ नावाची इंजिने विक्रोळीत गोदरेजकडे तयार होतात आणि बूस्टरचे भाग पवईला लार्सन अँड टुब्रोकडे, त्यामुळे आपल्या जावयाचे मुंबईला येणे होईलही, पण ते दौऱ्यापुरते.

वेळेबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे. एरवीचे दिवस कोणत्याही सरकारी कचेरीसारखेच जातात. सकाळी केंद्राची बस, संध्याकाळी घर. प्रक्षेपणाची मोहीम सुरू झाली की पथके कित्येक आठवडे श्रीहरिकोट्याला मुक्काम करतात आणि परतीची तारीख कोणाच्याच हातात राहत नाही. चांद्रयान-२ चे उड्डाण १५ जुलै २०१९ रोजी पहाटे ठरले होते. ५६ मिनिटे उरली असताना तांत्रिक दोषामुळे ते थांबवण्यात आले आणि २२ जुलैला झाले. अशा वेळी कोणाच्या घरी बारसे असो वा डोहाळजेवण, माणूस तिथून हलत नाही.

नातेवाइकांना ही धावपळ दिसते. माझ्या मते घराची खरी कसोटी मोहीम फसल्यावर लागते. पीएसएलव्ही या प्रक्षेपकाचे पहिले उड्डाण २० सप्टेंबर १९९३ रोजी अयशस्वी झाले आणि दुसरे, यशस्वी उड्डाण १५ ऑक्टोबर १९९४ रोजी झाले. मूळ दोष नियंत्रणाच्या आज्ञावलीत होता. पण असा दोष नेमका सापडेपर्यंत प्रत्येक विभागाला आपल्याच कामाचा संशय येत राहतो, जुनी आरेखने आणि चाचण्यांच्या नोंदी पुन्हा उघडल्या जातात आणि माणूस रोज वेळेवर घरी येऊनही जेवताना मुलाच्या प्रश्नाला भलतेच उत्तर देतो. त्यातच कामाचा तपशील घरी सांगायला बंदी असते. तपशील सांगता येत नाही हे खरे. पण आपण चिंतेत आहोत एवढे बायकोला सांगायला कोणत्याही गोपनीयतेची आडकाठी नसते. आमच्यातले पुष्कळजण तेवढेही सांगत नसत आणि त्याचे खापर नोकरीवर फोडत.

माझ्या सहकाऱ्यांपैकी जे खरोखर कुटुंबवत्सल होते, ते मोहिमेवर निघण्यापूर्वी आईच्या औषधांपासून मुलांच्या शाळेच्या शुल्कापर्यंत सगळी व्यवस्था लावून जात आणि परतल्यावर हक्काची रजा घेऊन मोकळेपणाने घरी राहत. याउलट रजेला हातही न लावता निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांचे रोख पैसे घेणारेही होते आणि त्याचा त्यांना अभिमान वाटे. मला कधी वाटला नाही. म्हणून मुलाला पगार विचारलाच असेल, तर गेल्या वर्षी त्याने किती रजा घेतली आणि ती कशासाठी, हेही अवश्य विचारावे. आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आठवडाभर आलो होतो, असे उत्तर मिळाले तर ते माझ्या या लांबलचक पत्रापेक्षा अधिक भरवशाचे आहे.

आपल्या पत्रात मुलीच्या नोकरीचा उल्लेख ओझरताच आहे. बदली त्याची होणार नसेल, तर घर सोडायचे आहे ते तिने. १९९० मध्ये स्थापन झालेले टेक्नोपार्क हे संगणक उद्योगाचे मोठे संकुल तिरुवनंतपुरमजवळ कळक्कूट्टम येथे आहे आणि मुलाचे थुंब्याचे अवकाश केंद्र तिथून फार दूर नाही, त्यामुळे तिच्या क्षेत्रातल्या माणसाला तिथे काम मिळणे अशक्य नाही. तिरुवनंतपुरमला जाणारी नेत्रावती एक्स्प्रेस ठाण्यालाच थांबते. साखरपुड्याची तारीख धरण्यापूर्वी तिला घेऊन आपण उभयतांनी एकदा तिकडे जाऊन यावे, आणि सध्याच्या कंपनीची तिथे शाखा असल्यास बदलीबाबत तिने आधी लेखी विचारणा करावी.