एच-इंडेक्स १८ की ११? बहिणीच्या पीएचडी गाइडबद्दल

विट्याच्या दादांचा प्रश्न असा आहे: धाकटी बहीण सांगलीत एमएस्सी झाली, आता कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्समध्ये, म्हणजे मेंदू आणि विचार-स्मृती यांच्या अभ्यासात, पीएचडी करायची आहे. दोन ठिकाणांहून होकार आलाय. एका सरांच्या गूगल स्कॉलरवर (संशोधकांचे पेपर दाखवणारी साइट) ४,२०० सायटेशन्स, म्हणजे त्यांच्या पेपरांचे इतर पेपरांत आलेले संदर्भ, आणि एच-इंडेक्स १८, तर दुसऱ्या मॅडमच्या ६०० आणि ११. घरचे म्हणतात सरांकडेच जा, एवढा फरक आहे तर विचार कसला करायचा.

घाई करू नका. मी साताऱ्यात कॉलेजच्या ग्रंथालयात २२ वर्षं काढली. नॅक, म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन, आलं की प्राध्यापकांचे पेपर आणि सायटेशन्स गोळा करण्याचं काम आमच्याकडेच यायचं, त्यामुळे हे आकडे कसे तयार होतात ते जवळून पाहिलंय.

एच-इंडेक्स १८ म्हणजे त्या माणसाचे १८ पेपर असे आहेत, की त्यातल्या प्रत्येकाचा किमान १८ वेळा संदर्भ दिला गेलाय. बस, एवढंच. ही मोजणी २००५ साली हॉर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवली. हा आकडा कधी खाली येत नाही; माणूस लिहायचा थांबला तरी जुन्या पेपरांवर तो चढत राहू शकतो. म्हणून हर्श यांनी त्याच लेखात सांगितलं होतं की पहिल्या पेपरापासून झालेल्या वर्षांनी त्याला भागून बघा. तुम्ही लिहिलंय की सरांना २० वर्षं झाली आणि मॅडमना ८. म्हणजे सरांचे ०.९ आणि मॅडमचे साधारण १.४. घरच्यांना आधी हा भागाकार दाखवा.

आता तुम्ही टाकलेला स्क्रीनशॉट. सरांच्या ४,२०० पैकी २,९०० एकाच पेपरची आहेत. त्या पेपरावर लेखकांची मोठी रांग आहे आणि सरांचं नाव मधे कुठेतरी. असे पेपर खोटे नसतात. अनेक देशांतल्या लॅब एकत्र येऊन मेंदूची स्कॅन जमवतात, त्यात प्रत्येकाचा वाटा असतो. पण तुमच्या बहिणीला शिकवणार कोण, हे त्यावरून कळत नाही. या क्षेत्रात पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं लॅबप्रमुखाचं असतं. सरांचं नाव शेवटी आणि त्यांच्या विद्यार्थ्याचं पहिलं, असे पेपर गेल्या ५ वर्षांत किती, ते मोजा. मॅडमचंही तसंच मोजा. माझ्या मते निर्णय या मोजणीवर व्हावा.

उलटही घडतं. १९५७ साली स्कोव्हिल आणि ब्रेंडा मिलनर यांनी एच. एम. नावाने ओळखल्या जाणाऱ्या रुग्णावर पेपर लिहिला. शस्त्रक्रियेत हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला भाग काढल्यावर त्याला नव्या आठवणी साठवता येईनाशा झाल्या होत्या. स्मृतीचा सगळा अभ्यास त्या पेपरने वळवला, हजारो लोकांनी त्याचा संदर्भ दिला. एच-इंडेक्समध्ये मात्र तोही एकच पेपर.

आणखी एक, आपल्याकडचं. प्रोफाइलमध्ये भलत्याच माणसाचे पेपर घुसतात. सातारा-सांगलीत एस. पाटील किती असतील सांगा! आमच्या वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांच्या प्रोफाइलवर हृदयशस्त्रक्रियेचे पेपर दिसत होते, त्यांना स्वतःला पत्ताच नव्हता. बायकांचं उलटं होतं: लग्नानंतर आडनाव बदललं की आधीचे पेपर वेगळे पडतात आणि आकडा कमी दिसतो. मॅडमच्या बाबतीत हे नक्की तपासा. ऑर्किडचा (ORCID, प्रत्येक संशोधकाची स्वतंत्र ओळख) १६ अंकी क्रमांक दिला असेल तर त्यावरून खरी यादी मिळेल.

मेंदूच्या स्कॅनच्या कामात तर सायटेशनवर विसंबणं जास्तच धोक्याचं. २००९ साली क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेला सामन मासा एफएमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणाऱ्या स्कॅनरमध्ये, ठेवला आणि त्याला माणसांचे फोटो दाखवले. हजारो बिंदूंच्या तुलनांसाठी लागणारी सांख्यिकी दुरुस्ती केली नाही, तर त्या मेलेल्या माशाच्या मेंदूतही 'हालचाल' दिसत होती. २०२० मध्ये तर एकाच प्रयोगातली स्कॅनची माहिती संशोधकांच्या ७० गटांना दिल्याचा अभ्यास आला; विश्लेषणाची पद्धत प्रत्येकाची वेगळी आणि काही प्रश्नांवर निष्कर्षही वेगळे. एखाद्या पेपरावर टीका करायची तरी त्याचाच संदर्भ द्यावा लागतो, आणि तेही सायटेशन म्हणूनच मोजलं जातं. म्हणून दोघांचेही २-२ पेपर उघडून बघायला सांगा. माणसं किती घेतली होती? ती दुरुस्ती केली का? माहिती आणि कोड इतरांना तपासता येईल असा खुला ठेवलाय का? एमएस्सी झालेल्या मुलीला एवढं वाचता येतं, अडलं तर मी आहे.

सांगलीच्या बाजारात हळदीचा सौदा करताना व्यापारी पोत्याच्या वजनावर भाव लावत नाही, हळकुंड मोडून आतला रंग बघतो. घरच्यांना हे सांगून बघा, लगेच पटेल. ४,२०० बघून हुरळणं म्हणजे खरोखर अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं आहे.

मला स्वतःला मॅडमकडे कल वाटतो, पण त्यांच्या पेपरांतली नावं पाहिल्याशिवाय ठामपणे सांगणार नाही. बहिणीला म्हणावं, दोन्ही लॅबमधल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या एकेका विद्यार्थ्याला मेल कर. स्कॅनरवर महिन्यात किती तास मिळतात, सर किंवा मॅडम मसुदा किती दिवसांत वाचून परत देतात, आणि याआधीच्या विद्यार्थ्यांची पीएचडी किती वर्षांत झाली, हे तीनच प्रश्न विचारायचे. उत्तरं आली की इथेच टाका.