चीनच्या मिंग घराण्याचा सम्राट योंगले नेमका कशासाठी ओळखला जातो?

थोडक्यात सांगायचं तर, आजचं बीजिंग ही त्याची देणगी. पण गादी त्याने सरळ मार्गाने मिळवली नव्हती. सख्ख्या पुतण्याशी तीन वर्षं लढून 1402 मध्ये त्याने तेव्हाची राजधानी नानजिंग घेतली. राजवाडा पेटला, पुतण्या बेपत्ता. फांग शियाओरू या विद्वानाने राज्यारोहणाचा जाहीरनामा लिहायला नकार दिला, तर त्याला हालहाल करून मारलं आणि नातेवाइकांनाही सोडलं नाही.

माझ्या मते त्याच्या पुढच्या अवाढव्य कामांमागे हा डाग धुऊन काढायची धडपड होतीच. त्याचा दर्यासारंग झेंग हे याचं आरमार 1405 पासून आपल्या कोळिकोडपर्यंत येऊ लागलं. 1414 मध्ये बंगालच्या सुलतानाने जिराफ भेट पाठवला, तेव्हा दरबाऱ्यांनी तो पुराणातला 'छीलिन' ठरवला, म्हणजे चांगल्या राजाच्या काळातच दिसणारा शुभ प्राणी. म्हणजे सम्राट पुण्यवान! (खुशामत कुठेही सारखीच.) शिवाय 11,000 हून अधिक खंडांचा ज्ञानकोश. त्यातले आज जेमतेम 400 उरलेत, तेही पुढे केलेल्या नकलेतले.

1421 मध्ये राजधानी बीजिंगला हलली. नव्या कोऱ्या राजवाड्याचे तीन मुख्य महाल काही महिन्यांतच वीज पडून खाक झाले. खर्चावर आधीच कुरकुर होती, आता टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं.

1424 मध्ये मंगोलांवरच्या पाचव्या स्वारीतून परतताना तो वारला. मुलाने लगेच सागरी मोहिमा थांबवल्या. नातवाने 1430 च्या दशकात एक शेवटची काढली, तेवढीच.