खेळाच्या सरांवर लेख लिहिताना

प्रश्न : आमच्या गावातील माध्यमिक शाळेत तीसहून अधिक वर्षे शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झालेले सर गेल्या महिन्यात वारले. माजी विद्यार्थी त्यांच्यावर स्मरणिका काढत आहेत आणि मुख्य लेख माझ्याकडे आला आहे. सर १९६० च्या दशकात कांदिवलीला प्रशिक्षण घेऊन आले, त्यांनी खो-खोचे अनेक संघ घडवले, लेझीम शिकवले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण लिहायला बसले की ‘शिस्तप्रिय’ आणि ‘कर्तव्यदक्ष’ यांपलीकडे काही सुचत नाही. शिवाय सर छडी वापरत, हे लिहावे की वगळावे यावरून समितीत दोन तट पडले आहेत. मार्गदर्शन करावे.
— एक माजी विद्यार्थिनी, जिल्हा सातारा

उत्तर : आपल्या सरांना आमचेही अभिवादन. विशेषणे तूर्त बाजूला ठेवावीत आणि सर दिवसभर नेमके काय करीत, हे आठवून लिहावे. खेळाच्या शिक्षकाचे काम विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर चालते, तरी त्यामागची विद्या क्वचितच कोणाच्या लक्षात येते. आपल्या लेखाने ती दाखवून दिली, तर सरांना न्याय मिळेल.

कांदिवलीचा उल्लेख एका ओळीत उरकू नये. तेव्हाच्या मुंबई सरकारने १९३८ मध्ये तेथे शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था सुरू केली. त्याआधी तालमी, आखाडे आणि व्यायामशाळा यांनी ही परंपरा सांभाळली होती. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हे काम करीत होते आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तेथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली होती. आखाड्यातली ही विद्या शाळेच्या वेळापत्रकातल्या एका तासात बसवायची, तीही अंगाने दणकट असलेल्या मोजक्या मुलांसाठी नव्हे तर वर्गातल्या प्रत्येकासाठी, हे प्रशिक्षित शिक्षकांच्या वाट्याला आलेले नवे काम होते. सर गावात आले तेव्हा शाळेला मैदान होते का, साहित्य काय होते, या तासाकडे मुख्याध्यापक आणि पालक कसे पाहत, हे त्यांच्या वेळच्या सहकाऱ्यांना विचारावे. तेथून लेखाला खरी सुरुवात मिळेल.

मैदानाविषयी मात्र सविस्तर लिहावे. वार्षिक क्रीडा महोत्सवाच्या आदल्या दिवशी सर दोरी, खुंट्या आणि फक्की घेऊन धावमार्ग आखत असतील, ते आपण पाहिलेच असेल. ते भूमितीचे काम आहे. वळणावर बाहेरच्या लेनमधील धावपटूला अधिक अंतर पडते, म्हणून पूर्ण फेरीच्या शर्यतीत प्रत्येक लेनची सुरुवातीची रेषा आतल्या लेनच्या रेषेपेक्षा पुढे आखावी लागते. लेन १.२२ मीटर रुंद असेल तर हे अंतर सुमारे सात ते पावणेआठ मीटर भरते, आणि त्यात चूक झाली तर शर्यत सुटण्यापूर्वीच एखाद्या मुलावर अन्याय झालेला असतो.

खो-खोबद्दल लिहिताना ढालींची यादी शेवटी द्यावी. आधी सरांनी तो खेळ कसा शिकवला ते सांगावे. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ खेळाडू एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा धावतो. धावणाऱ्याने एकदा दिशा धरली की त्याला मध्येच मागे वळता येत नाही, बसलेल्यांच्या रांगेतून पलीकडे जाता येत नाही, आणि बसलेल्याने खो मिळण्याआधी जागा सोडली तर तो फाऊल ठरतो. म्हणजे ज्याचे पाय वेगवान आहेत त्यालाही योग्य क्षणी खो देऊन थांबावे लागते. दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या अंगी हे मुरवायला किती सकाळी खर्ची पडल्या असतील, ते संघातल्या मुलामुलींकडूनच लिहवून घ्यावे. मुलींना सरावाला पाठवावे म्हणून सर कोणाच्या घरी गेले असतील, तर ती हकीकत कोणत्याही ढालीपेक्षा मोलाची आहे, असे आम्हांला वाटते.

तसेच जी मुले कोणत्याच संघात नव्हती त्यांनाही आवर्जून विचारावे. शिक्षकाची खरी परीक्षा तेथे असते. दम लागणारी, लठ्ठ म्हणून हिणवली जाणारी, पायात अधू असलेली मुले सरांच्या तासाला काय करीत? त्यांना गुणलेखक केले, लेझीमच्या पथकात घेतले, की झाडाखाली बसवून ठेवले? उत्तर काहीही मिळाले तरी ते छापावे.

आता छडीविषयी. ती गोष्ट वगळू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली. सरांची सेवा त्याआधीची आणि तेव्हा छडी सर्रास वापरली जाई, हे खरे आहे. तरीही ज्याला मार बसला त्याचे दुखणे कायद्याच्या तारखेवर अवलंबून नसते. ‘त्या छडीनेच आम्ही घडलो’ असे समितीने सर्वांच्या वतीने लिहू नये. ज्याने मार खाल्ला त्यालाच आपल्या शब्दांत, आपल्या नावाने दोन परिच्छेद लिहू द्यावेत. त्यात राग असेल तर राग आणि माया असेल तर माया तशीच राहू द्यावी. सरांच्या कुटुंबीयांना मात्र तो मजकूर छापण्यापूर्वी दाखवावा, कारण दुःखाच्या काळात तो अचानक समोर येणे त्यांना जड जाईल.

माहितीसाठी शाळेच्या जडवस्तू नोंदवहीत खेळसाहित्याच्या नोंदी पाहाव्यात. सरांनी कोणत्या वर्षी काय मागवले, ते तेथे सापडण्याची शक्यता आहे. स्पर्धांची प्रमाणपत्रे खेळाडूंच्या घरी असतील. संघांची जुनी छायाचित्रे मिळाली, तर त्यांतील मुलामुलींची नावे आताच विचारून मागे पेन्सिलीने लिहून घ्यावीत, कारण ती नावे सांगू शकणारी माणसेही आता साठी-सत्तरीला आलेली आहेत.