महालक्ष्म्या यंदा कोण बसवणार?

माई, नमस्कार.

मी परभणीची, वय 59. आमच्याकडे उभ्या महालक्ष्म्या असतात, सासऱ्यांच्या आजोबांपासून. मुलगा बंगळुरूला, मुलगी पुण्यात आयटीत, 27 वर्षांची. गेल्या वर्षी पूजनाच्या संध्याकाळी हळदीकुंकू चालू असताना ती थोरल्या जाऊबाईंना हाताला धरून स्वयंपाकघरातून बाहेर घेऊन आली. भाऊजी जाऊन चार वर्षं झालीत. नणंदबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, काही रीतभात आहे की नाही?" जाऊबाई आल्या पावली आत गेल्या. घरात पंचवीस बायका, मी काय बोलणार? मुलीने त्याच रात्री बॅग भरली. यंदा येणार नाही म्हणते, आणि तुझ्यानंतर मी महालक्ष्म्या घेणारही नाही म्हणते. ढोलपथकात सराव करायला मात्र तिला दोन महिने वेळ असतो. मुलाला धर्माचा फार अभिमान आहे, स्टेटसला रोज काहीतरी असतं, पण त्यालाही सुट्टी मिळत नाही. बाकीच्या धर्मांत लहानपणापासून शिकवतात, आपणच कमी पडलो. या पिढीनंतर आपल्या धर्माचं काय होणार? मोठ्या मुलींसाठी पुण्यात एखादा संस्कारवर्ग असतो का?

— एक आई

---

नमस्कार ताई,

संस्कारवर्गाचा विचार आधी डोक्यातून काढून टाका. स्वतःच्या पगारावर राहणाऱ्या 27 वर्षांच्या मुलीला वर्गाला घालायचं म्हटलंत तर ती फोनसुद्धा उचलायची नाही. शिवाय तिला शिकवायचं काही राहिलंय असं मला तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही. बाहेर सगळ्या जणी नटूनथटून बसल्यात आणि आत एक बाई एकटी आहे, हे पंचवीस जणींत तिच्याच लक्षात आलं. ती नजर तिने काही बाजारातून आणली नाही, तुमच्याच घरात ती वाढली.

जाऊबाईंवर तुम्ही पत्रात जेमतेम दोन ओळी खर्च केल्यात. मी तिथेच अडकले. त्या दिवशी पहाटे पुरण कोणी शिजवलं? फुलोऱ्याच्या करंज्या-पापड्या आदल्या दिवशी कोणी तळल्या? सोळा भाज्या निवडायला विळीवर कोण बसलं होतं? तुम्ही लिहिलं नाहीत, पण मराठवाड्यातली अशी घरं मी पाहिली आहेत, त्यामुळे उत्तराचा अंदाज आहे. त्यांच्या हातचं पुरण महालक्ष्म्यांना चालतं, आंबील चालते. त्या स्वतः मुखवट्यांसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि कुणी त्यांना कुंकू लावायला गेलं की मात्र रीत मोडते. तुमच्या मुलीच्या घशाखाली नेमकं हे उतरत नाही. खरं सांगू? माझ्याही नाही.

आता तुमच्या झोपेचं बघू. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या संस्थेने भारतभर सुमारे 30 हजार प्रौढांशी बोलून एक मोठी पाहणी केली होती, ती 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात देव मानणारे 97 टक्के निघाले, आणि धर्माला महत्त्व देण्यात तरुण आणि म्हातारे यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे लेकरं देवाला सोडून चाललीत ही भीती निदान आकड्यांत तरी दिसत नाही. आळंदीहून पालखी निघते तेव्हा आयटीतली पोरं पाठीला सॅक लावून पुण्यापर्यंत चालतातच की, पुढे कुणी कुणी दिवेघाटही चढतात. आणि बाकीच्या धर्मांचं म्हणाल तर माझ्या टपालात चर्चला न जाणाऱ्या मुलाची आई असते आणि रोजे न धरणाऱ्या मुलीचे वडीलही असतात. तुमची सगळ्यांची पत्रं पाकिटं बदलून एकमेकांना पाठवली तरी कुणाला पत्ता लागणार नाही.

ढोलाचा टोमणा तुम्ही मारलात, पण तोच नीट पाहा. भर पावसात, ऑफिस सुटल्यावर, नदीकाठच्या मांडवात उभं राहून ही मुलगी कमरेला ढोल बांधते, तोही गणपतीसाठीच ना? तिथे तिच्या हातात टिपरू दिलं जातं, चुकली तर ताल सांगितला जातो, पुढल्या वर्षी ती नव्या मुलींना शिकवते. घरच्या महालक्ष्म्यांत तिच्या वाट्याला काय येतं? हे शिवू नको, ते आण, पदर घे, आता इथून ऊठ. आणि तारीख जवळ आली असेल तर गोळी घे. भाद्रपदात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या किती खपतात ते तुमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याला विचारा. तुम्ही घेतल्यात, मी घेतल्यात, डोकं धरून पुरणपोळ्या लाटल्या आहेत. आपल्या मुली त्या घेणार नसतील तर मला त्यात धर्मबुडी दिसत नाही, शहाणपणच दिसतं.

एक मात्र करू नका. तिला 'शास्त्रीय कारणं' पाठवू नका. कुंकवाने भुवयांमधला अमुक बिंदू दाबला जातो, जोडव्यांमुळे तमुक नस जागी होते, अशी जी पानं सकाळी सकाळी फिरतात, ती या पिढीला पाच मिनिटांत खोटी पाडता येतात. मग त्यांच्याबरोबर खरं असलेलंही जातं. 'माझ्या सासूबाई असं करायच्या, मला ते करताना त्यांची आठवण येते, मला बरं वाटतं' एवढं सांगितलंत तर तिला पटेल, कारण त्यात फसवणूक नाही.

नणंदबाईंच्या रीतभातीबद्दल थोडं बोलायलाच हवं. तुमच्या-माझ्या पणज्यांच्या काळात ब्राह्मणांच्या आणि तशा वळणाच्या घरांत नवरा गेला की बाईचं डोकं भादरायचे आणि अंगावर लाल आलवण यायचं. तीही रीतच होती, आणि ती मोडली तर धर्म रसातळाला जाईल असं भलेभले विद्वान छातीठोकपणे सांगत होते. 1893 साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं म्हणून मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकलं. त्याच वर्षी टिळकांनी गणपती चौकात आणायला जोर लावला. आज कर्व्यांचा आपल्याला अभिमान आहे आणि गणपती तर चौकाचौकात आहे. केशवपन गेलं, गणपती राहिला. 

इतकं मागे जायचं नसेल तर कोल्हापूर जिल्ह्यातलं शिरोळ तालुक्यातलं हेरवाड घ्या. 4 मे 2022 ला तिथल्या गावाने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. हेरवाड काही परदेशात नाही, आणि तिथल्या लोकांनी देव्हारे उचलून नदीत टाकले नाहीत. पुण्यात तर बायका पौरोहित्य शिकून सत्यनारायणापासून लग्नापर्यंत सगळं सांगतात, त्याला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. ज्ञानप्रबोधिनीकडे तर सगळ्या जातींचे स्त्री-पुरुष शिकून पुरोहित होतात आणि विधी चालू असताना मंत्राचा अर्थ मराठीत सांगतात. तुमच्या मुलीने असं एखादं लग्न नक्की पाहिलेलं असणार. मग परभणीत आल्यावर तिला प्रश्न पडला तर नवल काय?

आणि रीत तरी कुठली? महालक्ष्म्या अनुराधावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात, एवढं सोडलं तर घरागणिक सगळं वेगळं. तुमच्याकडे कोठ्यांवर मुखवटे आणि भरजरी साड्या. कोकणस्थांकडे पाणवठ्यावरून पाच-सात खडे तोंडातून शब्द न काढता आणले की झाल्या गौरी. कुठे तेरड्याची रोपं हीच गौर, आणि कोकणातल्या कितीतरी घरांत तिला तिखटाचा नैवेद्य लागतो, मटणाचा. तुमच्या नणंदबाईंना हे सांगितलं तर घेरी येईल, पण तिथल्या माणसाला गोडाच्या नैवेद्याने गौर उपाशी गेल्यासारखी वाटते. देवी सगळीकडे जेवून जाते. तिला एका बाईच्या कुंकवाची अडचण होईल असं मला तरी वाटत नाही.

मुलाबद्दल थोडक्यात. त्याचा अभिमान खरा असेल, मी शंका घेत नाही. पण चार वर्षांत त्याने कोठ्या माळ्यावरून काढल्यात का, पुरणयंत्र फिरवलंय का, काकूंना फोन केलाय का? केला असेल तर उत्तमच. नसेल तर धर्माच्या काळजीत मुलीचं नाव वर आणि मुलाचं नाव खाली का, याचा तुम्हीच विचार करा. पथकाच्या सरावाचा तिला हिशोब लागतो, त्याच्या न मिळणाऱ्या सुट्टीचा कुणी मागत नाही.

आता करायचं काय ते सांगते. आधी जाऊबाईंकडे जा. फोन नको, प्रत्यक्ष जा, आणि दोघीच असताना बोला. गेल्या वर्षी मी गप्प बसले ते चुकलं, असं सरळ म्हणा. मग त्यांना विचारा की यंदा त्यांना काय हवं. इथे मला तुमच्या मुलीचीही थोडी कानउघाडणी करायची आहे. तिने काकूंना विचारलं नव्हतं. पंचवीस जणींसमोर त्यांना आणून उभं केलं, आणि अपमान झाला तो काकूंचा, पुतणीचा नाही. मन चांगलं होतं, पण तिला घाई झाली. जाऊबाई म्हणतील, मला नको ते कुंकू, माझी सवय गेली. त्या म्हणतील, मला आरती करायची आहे. किंवा म्हणतील, मला त्या तीन दिवसांत एकदा तरी चुलीसमोरून उठून बाहेर पंख्याखाली बसायचं आहे. जे म्हणतील ते करा, त्यात आपल्या मनाचं घालू नका.

मग नणंदबाई. त्यांना महालक्ष्म्यांच्या दिवशी समजवायला जाल तर पुन्हा तोच तमाशा. पंधरा दिवस आधी फोन करा, भांडायचं नाही, फक्त कळवायचं: "वन्सं, यंदा जाऊबाई पूजेला बाहेर असणार आहेत. तुम्ही आलात तर आम्हाला आनंदच आहे." त्या रुसतील. बहुतेक येतीलही, कारण न येण्याने त्यांचंही माहेर तुटतं. नाही आल्या तर दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्यांचा डबा त्यांच्याकडे पोचता करा आणि विषय वाढवू नका. यजमानांना या सगळ्यात आधीच सामील करून घ्या. बहीण त्यांची आहे, सगळं तुमच्याच अंगावर कशाला?

मुलीला शेवटी फोन करा, आणि 'ये' म्हणून नाही. जाऊबाईंशी काय बोललात ते सांगा. गप्प बसल्याबद्दल तिचीही माफी मागा, पण 'पण घरात एवढ्या बायका होत्या' हे शेपूट जोडू नका. ती लगेच विरघळणार नाही. वर्षभराचा राग आहे, थोडा वेळ लागेल.

तुमच्यानंतर ती घेणार का, हा प्रश्न इतक्यात विचारू नका. त्याऐवजी तुम्ही असतानाच एखादी गोष्ट तिच्या हातात द्या, आणि ती बदलायची मुभाही द्या. ती म्हणेल सोळा भाज्या कशाला, एकत्र कालवून एकच करू. करू द्या, कितीतरी घरांत तसंच करतात. ती म्हणेल पुरण आचाऱ्याकडून आणू आणि आपण सगळे बसून जेवू. तुम्हाला ते जड जाईल, मला माहीत आहे, पुरणाच्या बाबतीत मीही हट्टी आहे. पण ज्या घरात सुनेला-लेकीला वेलचीऐवजी जायफळ घालायचंसुद्धा स्वातंत्र्य नसतं, त्या घरातली महालक्ष्मी पुढे चालवायची म्हणजे तिला दुसऱ्याच्या घरात आयुष्यभर नोकरी केल्यासारखं वाटणार. पुण्याच्या दोन खोल्यांत उभ्या महालक्ष्म्या नाही जमल्या तर ती उद्या खडे मांडेल, किंवा दर वर्षी परभणीला येईल, किंवा चुलत भावंडांत मिळून आळीपाळीने करतील. आणि तिने अगदी नाहीच म्हटलं तर तेही ऐकून घ्यावं लागेल. मुलगा आहेच ना, कुलाचार काय फक्त लेकी-सुनांनीच चालवायचा?

त्याला आजच सांगा, सुट्टी आत्ताच टाक. पंचांग बघून तारीख कळवा म्हणजे तिकिटाचीही सबब राहणार नाही. कोठ्या उतरवायच्या, मुखवटे चिंचेने घासायचे, मखराची वायर जोडायची आणि शेवटच्या दिवशी भांडी, ही कामं त्याची. मुखवटे घासतानाचा फोटो त्याने स्टेटसला टाकला तर माझी काही हरकत नाही.

— माई