बाबा तसे गेले, म्हणजे मीही जाणार का?

"वडिलांनी आत्महत्या केली, धाकट्या काकांनीही. हे माझ्या रक्तातच असेल का?" विचारणारा माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेला, २७ वर्षांचा, गाव मराठवाड्यात, नोकरी पुण्यात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) लग्न जुळत होतं आणि मुलीकडच्यांना काय सांगायचं यावरून घरात रोज वाद. बारा वर्षं सगळ्यांना 'हार्ट अ‍ॅटॅक' असंच सांगितलेलं.

पहिल्या भेटीत तीन पिढ्यांचा वंशवृक्ष कागदावर काढला. कोण कसं गेलं एवढंच नाही; कोणाला दारू होती, कोण महिनोन्महिने गप्प असायचं, कर्ज कधी झालं, हेही लिहिलं. वडिलांच्या चौकटीत दारू, उडालेली झोप, सावकाराचं कर्ज अशा नोंदी झाल्या. उपचार: काही नाही. शेजारच्या चौकटींत आत्या आणि थोरले काका, दोघंही सत्तरीत, धडधाकट. त्यांचा विचार त्याने कधी केलाच नव्हता.

आनुवंशिकता खरी आहे. ती नाकारून धीर देऊ नये. जुळ्यांच्या अभ्यासांत आत्मघाती वर्तनातल्या फरकांचा साधारण ३० ते ५० टक्के वाटा आनुवंशिक दिसतो. हा आकडा समूहाचा आहे. 'तुझी शक्यता ५० टक्के' असा त्याचा अर्थ मुळीच नाही. आई किंवा वडील असे गेलेल्या मुलांचा धोका साधारण दुप्पट असतो, तरी त्यातली बहुसंख्य मुलं त्या वाटेला जात नाहीत. आत्महत्येचं असं एखादं जनुक नाही. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाशी संबंधित एक जनुक आणि ताण मिळून नैराश्याचा धोका वाढतो, असं २००३ साली न्यूझीलंडमधल्या अभ्यासात दिसलं होतं. पुढच्या मोठ्या पडताळण्यांत ते टिकलं नाही. त्यासाठी जनुक तपासणीवर पैसे घालवू नका. वारशाने येतो तो नैराश्याकडे, व्यसनाकडे, आततायीपणाकडे कल, आणि या तिन्हींवर इलाज आहे.

मग थेट विचारलं, "हल्ली मरून जावंसं वाटतं का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. तो म्हणाला, "पहाटे तीनला जाग येते, तेव्हा." काही ठरवलेलं नव्हतं, पण तीन आठवडे झोप नव्हती. त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं.

'असं काही करणार नाहीस' अशी आईने त्याला शपथ घातली होती. शपथेने धोका टळत नाही, उलट मुलगा पुढचं सांगायचं टाळतो. त्याऐवजी पाकिटात मावेल अशा कागदावर त्याच्याच अक्षरात लिहून घेतलं: धोक्याची खूण कोणती, तेव्हा एकट्याने काय करायचं, मग रूममेट आणि बहिणीचा नंबर, शेवटी टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६ (मोफत, चोवीस तास, मराठीतही). 'कोणालातरी फोन करीन' असं मोघम लिहिलं की पहाटे हात फोनकडे जातच नाही. म्हणून पहिलं वाक्यसुद्धा लिहिलं: "झोप येत नाहीये, दहा मिनिटं बोल."

गावच्या घरात फवारणीची औषधं उघड्यावर असायची. टोकाची उबळ बऱ्याचदा थोडाच वेळ टिकते. तेवढ्यात हाताशी काही नसलं तर जीव वाचतो. औषधं शेतावर कुलपात गेली, किल्ली मेहुण्याकडे.

मुलीकडच्यांना काय सांगायचं, हे तिसऱ्या भेटीत त्यानेच ठरवलं: बाबा कसे गेले ते, आणि आपण उपचार घेतोय तेही.